सहा दिव्यांची नवरी

माझ्या कादंबरीतले परग्रहावरचे प्राणी हिरवे आहेत, यात माझा काही दोष नाही. मी त्यांना राखाडी लिहिलं होतं. मुखपृष्ठ काढणाऱ्याने पुस्तक न वाचताच त्यांना पोपटी रंग फासला, काटकुळे पाय दिले आणि डोळे टपोरे केले. मी पुण्याला प्रकाशकांना फोन करून तक्रार केली, तर ते म्हणाले, "राखाडी रंग दुकानात उठून दिसत नाही, मॅडम." पन्नाशीला टेकल्यावर पहिलं पुस्तक येत असेल तर माणूस रंगावरून भांडत बसत नाही. मी गप्प बसले, पण मनातून अजून धुमसते आहे.

मी चामोर्शीला शाळेत विज्ञान शिकवते. मुलगी शिकायला नागपूरला गेली, घर रिकामं झालं आणि उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्यांत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी ही कादंबरी लिहून काढली. एका दूरच्या ग्रहावरचं लोखंड संपतं. तिथले प्राणी यान घेऊन आपल्याकडच्या जंगलातल्या एका तलावात उतरतात, कारण शेजारच्या डोंगरात लोखंड आहे. मग पाठलाग, स्फोट, पुण्याहून आलेला एक तरुण शास्त्रज्ञ, असं सगळं यथासांग होतं. शेवटी त्या प्राण्यांमधला एक पोरगा आणि एक पोरगी आपल्याच लोकांविरुद्ध उभे राहतात, मोहाच्या झाडाखाली लग्न करतात आणि यान घेऊन आकाशात निघून जातात. या प्राण्यांच्या छातीवर सहा दिवे असतात. राग आला की ते तांबडे होतात, भीती वाटली की निळे. सहाच का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पाच कमी वाटले आणि आठ जास्त, म्हणून सहा.

शेवट असा मोकळा सोडला होता, कारण मला दुसरा भाग लिहायचा होता. प्रकाशक म्हणाले, "लिहा की. पण आधी वाचकांचे अभिप्राय येऊ द्या. तुमच्या भागातले जमवून पाठवा, चांगले असले तर मागच्या पानावर टाकू, आणि मग दुसऱ्या भागाचं ठरवू." म्हणजे सगळं आता अभिप्रायांवर होतं. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण ती कुणीतरी सांगितली म्हणून केली. हे एक काम कुणी न सांगता केलं होतं. ते अर्ध्यात सुटलं तर मला फार लागणार आहे, हे मला आधीच माहीत होतं.

पहिला अभिप्राय घरचाच मिळाला. नवऱ्याने रविवारी जेवण झाल्यावर पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला, अधूनमधून घोरला, आणि संध्याकाळी म्हणाला, "ठीक आहे." हे त्याचं एकुलतं एक विशेषण. वरणाला, पाहुण्याला आणि मे महिन्यातल्या उन्हाला तो तेच लावतो. मी विचारलं, "ठीक म्हणजे काय?" तो विचारात पडला आणि म्हणाला, "म्हणजे वाईट नाई." हा मागच्या पानावर टाकण्यासारखा अभिप्राय नव्हता.

त्याचं बाजाराच्या रस्त्यावर कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं असा तो संसार. मी म्हटलं, निदान चार प्रती दुकानात ठेव, आठवडी बाजाराला सगळा तालुका येतो. त्याने ठेवल्या. पण जागा नव्हती म्हणून कीटकनाशकाच्या बाटल्यांच्या मधोमध उभ्या केल्या, आणि वर भिंतीवर धानावरच्या किडींचं रंगीत चित्र टांगलेलं. बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम दुकानात जाऊन बसले. एक शेतकरी आला, औषध घ्यायचं सोडून पुस्तकाकडे पाहत राहिला, मग हातात घेऊन मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेलं.

"भाऊ, हा कोणता किडा होय?" त्याने विचारलं.

नवरा गिऱ्हाइकाचं बी मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "तो बाहेरचा आहे."

"यंदाच आला का?"

"हो, यंदाच."

"मंग याच्यावर कोणतं औषध मारा लागते?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, तो किडा नाही, ती कादंबरी आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं, पुस्तक उलटसुलट केलं, आणि हळूच बाटल्यांच्या मध्ये परत ठेवत म्हणाला, "बरं. म्हणजे अजून औषध निंघालं नाई." आणि तुडतुड्याचं औषध घेऊन गेला.

दुसरी आशा होती धाकट्या दिराची. तो बल्लारपूरला पेपर मिलमध्ये कामाला, राजुऱ्याहून रोज मोटारसायकलने ये-जा करतो. सणाला घरी आला तेव्हा मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने मधलं एक पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळलं. उजेडाकडे धरून पाहिलं. पान कानाजवळ नेऊन टिचकी मारली.

"कागद आमचा नाई, वहिनी," तो म्हणाला.

"आणि गोष्ट?"

"गोष्ट चांगलीच असन. शाई मांगं नाई फुटली." मग माझं तोंड पाहून त्याला दया आली असावी. त्याने आणखी एक पान चोळलं आणि म्हणाला, "वाळवी नाई लागली तं वीस-पंचवीस वर्षं जाते हे."

एवढंच माझं भांडवल. 'वाईट नाई', एक नवीन कीड आणि वाळवीच्या अटीवर पाव शतकाची हमी.

मग माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. एटापल्लीच्या बाजूला, जंगलातल्या एका गावात तिचं सासर आहे आणि तिथेच ती आशा वर्कर आहे. मीटिंगसाठी आली होती, माझ्या पाया पडली, पुस्तक पाहिलं आणि म्हणाली, "म्याडम, मले एक द्या ना. तेंदूच्या दिवसात वाचतो आमी." मला वाटलं, पोरगी मन राखायला बोलते आहे. पण ते तसं नव्हतं. मे महिन्यात सगळं गाव पहाटे जंगलात शिरतं, विडीसाठी तेंदूची पानं तोडतं, आणि ऊन चढलं की मांडवाच्या सावलीत बसून पानं जुळवून त्यांचे पुडे बांधतं. संध्याकाळी ते पुडे फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, न्यायचे असतात. सगळ्यांचे हात गुंतलेले आणि कान मोकळे. मोबाइलला रेंज नाही, म्हणून गाणी नाहीत. अशा वेळी ही एक पान मराठीत वाचायची आणि लगेच म्हाताऱ्या माणसांसाठी ते गोंडीत सांगायची. यानाला तिने पहिल्याच दिवशी 'गाडी' करून टाकलं, आणि तेजोमेघ वगैरे मी जिवाचं रान करून लिहिलेली पानं 'मग ते लई दुरून आले' एवढ्यात उरकली.

संध्याकाळी ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढून मला फोन करायची, कारण रेंज तिथेच यायची. माझं त्या फोनची रोज वाट पाहणं सुरू झालं. भाजी फोडणीला टाकून गॅस बंद करायचे आणि अंगणात जाऊन उभी राहायचे.

मांडवातला पहिला अभिप्राय तलावाचा होता. गावात तलावाच्या बाजूला मासे धरणाऱ्यांची काही घरं आहेत, आणि त्यांच्या मच्छीमार सोसायटीचे एक भाऊ पानं जुळवायला त्याच मांडवात बसायचे. यान तलावात उतरलं हे ऐकल्याबरोबर त्यांनी हातातला पुडा खाली ठेवला. "सोसायटीले इचारलं का?" विद्यार्थिनी म्हणाली, "भाऊ, ते परग्रहावरून आले." "कुठूनबी येवो. तलाव सोसायटीचा आहे. मच्छीचं बीज टाकलं होतं ना आमी? इतकी तापलेली गाडी पाण्यात घातली तं बीज शिजून जाईन." त्यांनी पुढची दोन प्रकरणं त्या बिजाचं काय झालं याचीच वाट पाहिली. मी त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. नायक स्फोटातून वाचला तेव्हा सगळा मांडव खूश झाला, आणि भाऊ म्हणाले, "हा वाचला, पण मच्छी?"

दुसरा अभिप्राय विद्यार्थिनीच्या सासूचा. सत्तरीच्या पुढची म्हातारी, मांडवात मधोमध तिची जागा. प्राणी यानातून बाहेर येतात आणि माझा शास्त्रज्ञ झाडाआडून त्यांच्यावर प्रखर झोत टाकतो, असा माझा आवडता प्रसंग आहे. म्हातारी म्हणाली, "पाहुणे दारात आले अन् त्यायले पाणी नाई पुसलं? उन्हातून आले असतीन. आंबील तरी द्या लागत होती." सुनेने सांगितलं, तो शास्त्रज्ञ आहे, त्याला धोका वाटला. म्हातारी म्हणाली, "आपल्या इकडचा नसन तो." तेव्हापासून माझ्या नायकाचं मांडवात नावच पडलं, 'तो पाणी न पुसणारा'. पुढे तो वाघाच्या डरकाळीने झाडावर चढला तेव्हा म्हणे बायका इतक्या हसल्या की पानं सगळी विस्कटली. तो प्रसंग गंभीर होता.

आणि लोखंड. परक्या जगातून येऊन आपल्या डोंगरातलं लोखंड नेणारे प्राणी, ही माझ्या मते कादंबरीतली सगळ्यांत अचाट कल्पना होती. मी फोनवर विचारलं, "त्यावर काय म्हणाले?" ती जरा अडखळली. म्हणाली, "म्याडम, त्याच्यावर कोणी काई म्हटलं नाई. सूरजागडच्या खाणीतून रोज लोह्याच्या गाड्या भरून जातेतच ना. एक जण म्हणे, याच्यात नवीन का आहे?"

मी चिडायचे. तिला फोनवर कल्पनाशक्ती, रूपक आणि वैज्ञानिक सत्य यांवर व्याख्यान द्यायचे. ती बिचारी पाळीवर डास मारत "हो म्याडम, हो म्याडम" करायची. पण खरं सांगायचं तर मी आतून सुखावलेही होते. कुणीतरी माझं पुस्तक ऐकत होतं आणि त्यावर भांडत होतं. चामोर्शीत तेवढंही कुणी केलं नव्हतं.

मग एक दिवस फोन आला, "म्याडम, पुस्तक अडकलं जी."

"अडकलं म्हणजे?"

"सासू आयकाले तयार नाई. म्हणते, ते लगन होऊ शकत नाई. कोणीच आयकत नाई आता. तुमी येता का?"

दुसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली. नवरा म्हणाला, "इतक्या उन्हात?" मी म्हटलं, "माझं लग्न मोडतंय." तो दारात उभा राहून बघतच राहिला.

मांडवात पोचले तेव्हा पानांचा हिरवा वास सुटला होता आणि सगळे आपापल्या ढिगापाशी बसलेले होते. म्हातारीने मला पाणी दिलं, बसायला चटई दिली, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत काही बोलली नाही. बोलण्यापुरती मराठी तिला येत होती, पण आमच्यात संबोधनाचा एक घोळ होता. मी शिक्षिका म्हणून ती मला बाई म्हणायची, आणि ती वडीलधारी म्हणून मी तिला.

"बाई," ती म्हणाली, "त्या पोराचे दिवे किती?"

"सहा."

"अन् पोरीचे?"

"सहाच. सगळ्यांचे सहाच असतात."

"मंग ते भाऊ-बहीण झाले ना. इतकी शिकलेली तू, अन् भाऊ-बहिणीचं लगन लावलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोंड लोकांत प्रत्येक कुळाचे देव ठरलेले असतात, कुणाचे चार, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. सारख्या देवांचे लोक आपसात भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. लग्नाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न, किती देवाचे? हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म इथे गेला. पण टेबलावर बसून सहा दिवे लावताना ते माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं, आणि यांनी मात्र पहिल्या पानापासून ते दिवे देव म्हणून मोजले होते.

"बाई, ते देव नाहीत, दिवे आहेत," मी म्हटलं.

"दिवा कोणापुढं लावतेत? देवापुढंच ना?"

"तो तसला दिवा नाही हो. अंगातली वीज असते. काजव्यासारखी."

"असन. पण मंग साऱ्यायचे सहाच कसे? सारं गावच सहा देवाचं, तं लगन कोणाशी करतेत?"

"त्यांच्या ग्रहावर सगळेच सहा दिव्यांचे असतात," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

म्हातारीचे हात थांबले. तिने सगळ्यांकडे पाहिलं. "मंग म्हणूनच इथी आले ते! लोहा-बिहा काई नाई. सोयरीक पाहाले आले."

सगळ्या मांडवात 'हो ना' 'हो ना' झालं. सोसायटीचे भाऊ म्हणाले, "आता बराबर लागलं. नाई तं लोह्यासाठी कोणी इतक्या दूर येते का?" माझी तीनशे पानांची साहसी विज्ञान कादंबरी एका झटक्यात मुलगी पाहायच्या कार्यक्रमावर येऊन ठेपली. आणि सगळ्यांत संतापजनक गोष्ट म्हणजे, तसं धरलं तर ती जास्त पटत होती.

"एकाचे सात कर ना बाई," म्हातारी म्हणाली.

"असं कसं करता येईल? छापलेलं पुस्तक आहे."

"पेनानं कर."

"नाही करणार," मी म्हटलं. माझा स्वभाव असा आहे की मला पटलेली गोष्टसुद्धा दुसऱ्याने सांगितली की मी अडून बसते. मी पर्स उचलली आणि उठले. विद्यार्थिनी आंबिलीचा तांब्या घेऊन माझ्या आडवी आली, "म्याडम, येवढी पिऊन जा जी." पाहुणीसमोर धरलेली आंबील टाकून जाण्याइतकी मी पुण्याची नाही. मी परत बसले.

मग म्हातारीने विचारलं, "पोरीचे दिवे मोजले कोणं?"

"शास्त्रज्ञाने," मी म्हटलं. "पुस्तकात आहे तसं."

"तो पाणी न पुसणारा?"

"तोच."

"त्याले काय समजते!" ती मोठ्याने हसली. "इतक्या दुरून आली पोरगी, गाडीत धक्के खात. एक दिवा इझला असन रस्त्यात. होते सात, दिसले सहा. यानं सहाच मोजले."

बायका मोकळं हसल्या. कुणीतरी "हो, तसंच झालं असन" म्हणालं. पण म्हातारीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळली. "असं होऊ शकते का, बाई? तू सायन्सची आहेस. खरं सांग."

सगळा मांडव माझ्या तोंडाकडे पाहू लागला. माझ्या एका 'नाही'ने ते लग्न मोडणार होतं, आणि ज्या दोन प्राण्यांवर मी दोन वर्षं जीव लावला होता त्यांच्यासाठी एवढी काळजी मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. मी म्हटलं, "होऊ शकतं. प्रवासात होतं असं."

मग लग्न वाचलं गेलं. माझ्याकडून त्या लग्नात जेवण घालायचं राहिलं होतं, त्यावरून थोडी कुरकुर झाली, पण दोघीतिघींनी पुडे बांधता बांधताच लग्नातलं गाणं धरलं. माझ्या हिरव्या, म्हणजे राखाडी, प्राण्यांच्या लग्नात मोहाच्या सावलीत गाणं म्हटलं जात होतं. मला रडू आलं आणि मी ते घामाबरोबर पदराने पुसून घेतलं.

घरी येऊन मी सगळे अभिप्राय नीट टाइप केले आणि प्रकाशकांना पाठवले. भाषा थोडी सुधारली, पण मजकूर तोच ठेवला. आठवड्याने त्यांचा फोन आला. "मॅडम, हे अभिप्राय नाहीत, या तक्रारी आहेत. मागच्या पानावर 'मच्छीचं बीज शिजलं' असं कसं छापायचं?" मी म्हटलं, लोकांनी पुस्तक मनापासून ऐकलं आहे हो. ते म्हणाले, "ऐकलं, पण समजलं नाही ना. आणि विक्रीही तशी नाही. दुसऱ्या भागाचं आता राहू द्या." फार सभ्य माणूस, शेवटी 'लिहीत राहा' असंही म्हणाला.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. दुसऱ्या भागाची लिहून झालेली प्रकरणं कपाटात साड्यांखाली घातली. नवरा दुकानातून आला, त्याला कळलं, पण त्या दिवशी त्याने 'ठीक आहे' म्हटलं नाही. त्याने स्वतः खिचडी टाकली. ती करपली, आणि आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली. नंतरचं सगळं वर्ष मी काही लिहिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, पेपर तपासायचे आहेत. पेपर नसायचे.

पुढच्या मे महिन्यात पाळीवरून फोन आला. "म्याडम, या ना इकडे. सासू दुसरा भाग सांगून राह्यली."

"कसला दुसरा भाग?"

"तुमच्या पुस्तकाचा. तेंदू लागला, तं सारे म्हणे पुढचं सांग. पुस्तक तं संपलं. मंग सासूच सांगून राह्यली. मी तं आता नुसती आयकतो."

माझं डोकं असं तापलं की सांगता सोय नाही. माझे प्राणी, माझं यान, माझा तलाव, आणि मला न विचारता दुसरा भाग! प्रकाशकाने नाही म्हटलं ते म्हटलं, आता हीसुद्धा! मी स्कूटी काढली. वाटेत मी बोलायची वाक्यं तयार केली होती, आणि त्यात लेखकाचा हक्क हा शब्द दोनदा होता.

मांडवात पोचले तेव्हा गोंडीत गोष्ट चालू होती. म्हातारीने मला हाताने बसायची खूण केली, बोलणं थांबवलं नाही. विद्यार्थिनी माझ्या कानाशी मराठीत सांगू लागली. नवरी सासरी गेली होती. दूरच्या त्या ग्रहावर उंबऱ्यातच सासूने दिवे मोजले. सहा. सासू म्हणाली, सातवा कुठे आहे? सातवा असल्याशिवाय तू सून नाहीस, माझ्या पोराची बहीण आहेस, परत जा. पोरगी सांगत होती की तो विझला, वाटेत पडला. पण ऐकणार कोण? नवरा खाली मान घालून उभा राहिला. मग ती एकटीच निघाली. आपला दिवा जिथे पडला असेल तिथे, आमच्या तलावाकडे. येऊन पाळीवर बसली. या वेळी आधी सोसायटीला विचारलं. सोसायटीचे भाऊ शेजारीच पानं जुळवत होते, त्यांनी गंभीरपणे मान हलवली. शास्त्रज्ञ आला, तर गावाने त्याला पाणीच पुसलं नाही.

माझ्या साड्यांखाली पडलेल्या दुसऱ्या भागात तीन युद्धं होती आणि एक अख्खा ग्रह फुटत होता. इथे एक परकी पोरगी तलावाच्या पाळीवर बसून हरवलेला दिवा शोधत होती, आणि मांडवात पानांचा आवाज बंद झाला होता. मला हेवा वाटला. मग थोड्या वेळाने तोही वाटेनासा झाला, कारण पोरगी पाण्यात उतरली होती. पाणी गळ्यापर्यंत आलं. खाली गाळात काहीतरी चमकल्यासारखं झालं, आणि म्हातारी थांबली. तिने शांतपणे एक पुडा बांधून बाजूला ठेवला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काई नाई."

"अहो बाई, असं कसं? सापडला का दिवा? सासरी घेतलं का तिला?"

"मले का माहीत?"

"आता इतकं सांगितलं ते?"

"तितकंच येते मले." म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी वर्षभर कुठे होते, काय करत होते, प्रकाशक काय म्हणाला, यातलं तिला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "पोरगी तुयी आहे, बाई. तू पाह्याले बी नाई आली, तं वरीसभर आमी सांभाळली. पाण्यात उभी आहे ते. आता तुयी तू काढ."

मी तयार केलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. काहीतरी करायचं म्हणून मी समोरची पानं पुढ्यात ओढली आणि देठ जुळवू लागले. ते वाकडेतिकडेच लागत होते. सगळे थांबले होते. विद्यार्थिनी मात्र सरसावून बसली, मी बोलले की गोंडीत सांगायला.

"तिनं हात खाली घातला," मी म्हटलं. "गाळात बोटं रुतली. मे महिना होता, तलावात पाणी आधीच कमी झालं होतं..."

"कमी झालं तं गळ्याइतकं कसं आलं?" सोसायटीचे भाऊ म्हणाले. "मे महिन्यात आमच्या तलावात कमरेच्या वर..."

"चुप बस ना रे," म्हातारी त्यांच्यावर खेकसली. "ते सांगून राह्यली ना."

मी पाणी कमरेइतकं केलं आणि पुढे सांगू लागले.